एक राहिलं, सरोजबाई

सरोजबाई, उत्तर न सांगता निघून जाणं हे काही तुम्ही बरं केलं नाहीत.

जाण्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती कुणाकडे करायची हे मला ठाऊक नाही, म्हणून ती बाजूला ठेवते. पण कुपी हातात द्यायची, मी कष्टाने काढलेलं उत्तर फोनवर ऐकून घ्यायचं, "एक राहिलं" म्हणायचं आणि काय राहिलं ते सांगायच्या आत कायमचं गप्प व्हायचं, याला आमच्या पुण्यात चावटपणा म्हणतात. तुमच्या अमरावतीला काय म्हणतात, ते विचारायचं तर पुन्हा तुम्हालाच विचारायला हवं.

कुपी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. बोटाएवढी काचेची नळी, वर बूच, आत फिकट तांबूस पूड. मी तीन खनिजं सांगितली होती: कॅल्साइट, म्हणजे चुन्याचा दगड, चिनी माती आणि गेरू. टक्केवारीसकट, बेरीज शंभर. तुम्ही जरा दम घेतलात. मग म्हणालात, "तीन बरोबर आहेत. एक राहिलं."

मी विचारलं, कोणतं.

"शोधा ना बाई. एवढी काय घाई होऊन राहिली तुम्हाला?"

घाई होती, सरोजबाई. चौथ्याचं नाव या जगात एकाच माणसाला माहीत होतं आणि त्या माणसाला धड श्वास घेता येत नव्हता. पण मी "बरं, बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. वाटलं, आठवड्याभरात शोधीन आणि ऐटीत फोन करीन. आठवडा काही तुम्ही दिला नाहीत.

माझी लेक म्हणते, आई, तू हे लिहितेस ते चार लोक वाचणार, त्यांना ही कुपीची भानगड नीट सांग, नाहीतर त्यांना वाटेल आजीबाई चळल्या. तर चार लोकांसाठी सांगते, तुम्ही तोवर नेहमीसारखा चहा गार करा.

प्रत्येक खनिज आपल्यावर पडलेल्या प्रकाशातले काही ठरावीक रंग खातं आणि बाकीचे परत देतं. यातले बरेच रंग आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत, पण स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्राला दिसतात. परत आलेल्या प्रकाशाचा आलेख काढला की खनिजाने जिथे खाल्लं तिथे खड्डा पडलेला असतो. चिनी मातीचे खड्डे एका जागी, चुन्याच्या दगडाचे दुसऱ्या जागी. खड्ड्यांच्या जागांवरून नाव कळतं. नाव कळणं सोपं आहे. पण पुडीत चार खनिजं मिसळलेली असली तर कोणतं किती आहे, हे त्या एका आलेखावरून सांगायचं, यात आपल्या दोघींची उमेदीची वर्षं गेली. कुपी म्हणजे त्याच कामाचा खेळ. एकीने पूड बनवायची, दुसरीने ओळखायची.

आता तुमच्याशी बोलते.

आपली ती बैठी प्रयोगशाळा आठवते? कारखान्यांकडून मातीचे आणि दगडांचे नमुने यायचे आणि आपण त्यांत काय आहे ते लिहून द्यायचो. आयात खुली झाली आणि आमच्या साहेबांनी एक नवंकोरं परदेशी स्पेक्ट्रोमीटर आणलं, सोबत संगणक. ते चालवायला मी. कारण मी डेक्कनला संगणकाचा कोर्स केला होता आणि त्याचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून टेबलावर उभं ठेवलं होतं. केसांचा बॉयकट केला होता, कारण संगणकावर काम करणाऱ्या बाईला अंबाडा शोभत नाही अशी माझी समजूत होती. त्या खोलीत चपला काढूनच जायचं असा नियम होता, तो मी केला होता. आत गारेगार हवा, बाहेर चपलांची रांग. देवळात जाऊन पुजारीण व्हायचं राहिलं होतं ते मी असं भागवून घेतलं.

त्याच सुमाराला तुमची नागपूरच्या शाखेतून बदली झाली. पहिल्याच दिवशी तुम्ही दारातून विचारलंत, "काय करून राहिल्या?" आणि मी, मराठीची ठेकेदार, तुम्हाला सांगितलं की इथे "काय करताय" असं म्हणतात. तुम्ही म्हणालात, "बरं. काय करताय करून राहिल्या?" आणि चपला काढून आत येऊन बसलात. त्या क्षणी मी ठरवलं की या बाईशी आपलं जमणार नाही. माझे असे निर्णय तेव्हा फार वेगात होत.

त्या दसऱ्याला मी मशीनची पूजा केली. यथासांग. झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. त्यानंतर जो नमुना लावीन त्याच्या आलेखात एक अपूर्व उंचवटा यायला लागला. उंचवटा, खड्डा नव्हे. दगड काहीही असो, उंचवटा त्याच जागी. मी तीनचार दिवस तरंगत होते. साहेबांना सांगितलं की हे आजवर कुणालाच सापडलेलं नसावं. शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा सुचलं होतं. तुम्ही यंत्राचं झाकण उघडलंत आणि आतली पांढरी चकती बाहेर काढलीत. प्रत्येक नमुन्याचा प्रकाश त्या चकतीच्या प्रकाशाशी ताडून बघायचा असतो. तिच्या मधोमध, माझ्याच अंगठ्याने लावलेलं, ठसठशीत कुंकू होतं. कुंकू रंग खात होतं, मशीन त्यालाच पांढरं समजत होतं, आणि मग जगातला प्रत्येक दगड तिथे जास्त उजळ दिसत होता.

तुम्ही चकती पुसलीत आणि एवढंच म्हणालात, "सौभाग्यवती मशीन आहे." साहेबांना मात्र सांगितलं नाहीत. त्यांना वाटलं, दिव्यात बिघाड होता. याबद्दल मी तुमचे आभार मानायला हवे होते. मी चकती तुम्ही नीट पुसली नाहीत म्हणून कुरकुर केली.

मग ती पहिली कुपी. तुम्ही एक राखाडी पूड आणून दिलीत आणि म्हणालात, तुमच्या मशीनला विचारा. मी आलेख काढला. कॅल्साइट, चिनी माती आणि काळं मॅग्नेटाइट, ही नावं लगेच निघाली. प्रमाणासाठी माझ्याकडे सरळ गणित होतं: शुद्ध खनिजांचे आलेख घ्यायचे आणि कोणाचे किती भाग मिळवले की नमुन्याचा आलेख तयार होतो, ते संगणकाने शोधायचं. प्रिंटर किंचाळला, कागद बाहेर आला. मी तो साहेबांसमोर, तुमच्यासमोर, चहावाल्यासमोर मोठ्याने वाचला. कॅल्साइट पन्नास टक्के, मॅग्नेटाइट सत्तावन्न, चिनी माती उणे सात. बेरीज शंभर आली याचा मला इतका आनंद झाला होता की त्या "उणे"कडे माझं लक्षच गेलं नाही.

तुम्ही फार शांतपणे विचारलंत, "म्हणजे लेलेबाई, या पुडीत आपण सात टक्के चिनी माती टाकली, की मग तिच्यात चिनी माती नसेल, असं का?"

साहेबांच्या चहाचा ठसका मला अजून ऐकू येतो. त्या पुडीत मॅग्नेटाइट चिमूटभर होतं. बाकी सगळं पांढरं, कॅल्साइट आणि चिनी माती निम्मं निम्मं. माझ्या लॅमिनेट केलेल्या ज्ञानाने चिमटीला अर्ध्याहून मोठं केलं होतं.

तुम्ही मला कॅन्टीनमध्ये नेलंत. मी रुसलेली होते, पण भूक लागली होती. शेजारच्या टेबलावरच्या ताटाकडे बोट करून तुम्ही म्हणालात की ताटात कोशिंबीर एका जागी, भाजी एका जागी, भात एका जागी. वरून पाहिलं तर कोणी किती जागा अडवली ते मोजता येतं आणि बेरीज करता येते. तुमचं गणित ताटाचं आहे. मग आपल्या पुढ्यातल्या मिसळीकडे बोट केलंत. इथे तसं नाही. पुडीत प्रकाश एका कणात शिरतो, तिथून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, आणि वाटेत एखादा काळा भेटला की संपला. कित्येक पांढऱ्यांनी इमानदारीने पुढे ढकललेला प्रकाश एक काळा गिळून बसतो. म्हणून तो असतो थोडा आणि दिसतो फार.

सगळं लख्ख पटलं होतं. मी म्हटलं, "मिसळ हा पदार्थ आहे, युक्तिवाद नाही."

"पुण्यात पदार्थापेक्षा युक्तिवादच जास्त मिळून राहिला," तुम्ही म्हणालात आणि माझ्या पावाचा तुकडा उचललात.

त्या दिवसापासून ते दोन शब्द आपले झाले. नवा नमुना आला की आधी प्रश्न: हे ताट आहे की मिसळ? साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळे तसंच बोलायला लागले. एकदा कुण्या कारखान्याच्या अहवालात मी अनवधानाने "सदर नमुना मिसळ स्वरूपाचा आहे" असं लिहून पाठवलं आणि त्यांच्याकडून विचारणा आली की नमुन्यात खाद्यपदार्थ कसा गेला. उत्तर तुम्ही लिहिलंत. काय लिहिलंत ते मला कधी दाखवलं नाहीत.

मग आपण खऱ्या कामाला लागलो. तुम्ही दगड फोडायचात, खलात घोटायचात, चाळण्यांतून गाळून सारख्या आकाराचे कण वेगळे करायचात आणि वजन करून मिश्रणं बनवायचात. मी गणित करायचे. आलेखाची सरळ बेरीज चालत नाही, तर आधी हे काढायचं की एकटा कण, शेजारी कोणी नसताना, आपल्यावर पडलेल्या प्रकाशातला किती परत देईल. त्या एकट्याच्या आकड्यांची बेरीज करता येते. मी संगणकाला दोन गोष्टी बजावून सांगितल्या: उणे उत्तर द्यायचं नाही आणि बेरीज शंभर आलीच पाहिजे. ज्या दिवशी माझं उत्तर तुमच्या वजनाच्या अगदी जवळ आलं, त्या दिवशी मी तुमच्या टेबलापाशी नुसती उभी राहिले. तुम्ही कागद पाहिलात, चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा पाहिलात. म्हणालात, "भैताड मशीन सुधरून राहिलं." भैताड म्हणजे काय हे मी नंतर दुसऱ्या कुणाला तरी विचारलं. त्याचा अर्थ खुळचट, हे कळल्यावर मी चरफडले, कारण तोवर मी समजत होते की तुम्ही मला तसं म्हणता म्हणजे आमच्याकडे "विदुषी" म्हणतात तसलं काहीतरी असणार.

पण आपला वाद त्या दिवशी संपला नाही, सुरू झाला. तुम्ही दोन कुप्या आणल्यात. दोन्हींत तेच तीन पदार्थ, तीच वजनं. आलेख वेगळे. कारण एकीत तुम्ही गेरूची बारीक धूळ आधी कॅल्साइटच्या जाड कणांत घातली होती, ती त्यांच्या अंगाला चिकटून बसली आणि कॅल्साइट झाकलं गेलं. दुसरीत गेरू आधी चिनी मातीला भेटला. तुमचं म्हणणं, मिश्रणात कोण किती आहे एवढ्याने भागत नाही, आधी कोण कोणाला भेटलं हेही त्याच्यात असतं. माझं म्हणणं, तुम्ही कुपी नीट हलवली नाहीत. ती वर्षानुवर्षं चाललेली हमरीतुमरी मी इथे पुन्हा मांडत नाही, तुम्हाला तोंडपाठ आहे. एवढंच सांगते की तुम्ही हरायला तयार नव्हतात आणि मी जिंकायला घाबरत होते. जिंकले असते तर दुसऱ्या दिवशी काय बोलायचं हा प्रश्न होता.

एकदा मशीनचा दिवा गेला. परदेशातून नवा यायला कितीतरी महिने लागणार होते. मशीन आणायला देश खुला झाला होता, दिवा आणायला नव्हता. मी अर्ज लिहायला बसले. तुम्ही मला लूनावर मागे बसवून बुधवार पेठेत नेलंत. इलेक्ट्रॉनिक्सच्या एका चिंचोळ्या दुकानात तुम्ही जुना दिवा काउंटरवर ठेवलात आणि असाच हवा म्हणालात. दुकानदार वर न बघता म्हणाला, "कशासाठी?"

"दगड पाहायला," तुम्ही म्हणालात.

"मग बॅटरी घ्या. शेल टाकून मिळेल."

त्याच्याकडून बाहेर पडून दुसरीकडे, तिसरीकडे, असं करत दिवा मिळाला. कुठल्याशा प्रोजेक्टरचा होता. मशीनला तो चालला. परत येताना तुम्ही लूनावर गात होतात आणि मी रस्त्यातल्या ओळखीच्या लोकांपासून तोंड लपवत होते. एवढा वाईट आवाज मी आजतागायत ऐकलेला नाही. आता ऐकायला काय काय देईन.

मग सॉफ्टवेअरचे दिवस आले. आपल्याकडचा एकेक जण जायला लागला. एका कंपनीला उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीत कोणती खनिजं आहेत ते सांगणारं काहीतरी बनवायचं होतं. त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. तुम्हाला सांगायला आले तेव्हा मी घरून भाषण पाठ करून आले होते: लेकीचं शिक्षण, नवं क्षेत्र, इथे आता काय उरलंय, वगैरे. तुम्ही चाळत होतात. तुमची चाळणी थांबली नाही. भाषण संपल्यावर म्हणालात, "जा. पण एक ध्यानात ठेवा, तिथून सगळं ताटच दिसते."

हा टोमणा आहे असं धरून मी बरेच महिने फुगून बसले. मग काम सुरू झालं आणि कळलं की ती सरळसाधी सूचना होती. उपग्रहाच्या चित्राच्या एका ठिपक्यात शेत, रस्ता, छप्पर, उघडा खडक हे सगळं शेजारी शेजारी असतं, एकमेकांत मिसळलेलं नसतं. इतक्या उंचीवरून माझं जुनं बेरजेचं गणित झकास चालतं. कंपनीत टाळ्या वाजल्या. टोमणा की सूचना, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. मी गेल्यावर तुम्ही कॅन्टीनमध्ये कुणाबरोबर बसायचात, हेही विचारलं नाही. दोन्हींची उत्तरं मला अंदाजाने माहीत होती.

पुढच्या दिवाळीला तुम्ही माझ्या वारज्याच्या घरी आलात. फराळाचा डबा दिलात. चकल्यांच्या खाली कुपी होती. मी म्हटलं, उत्तर चिठ्ठीवर लिहून ठेवा, नंतर ताडून बघू. तुम्ही साफ नाही म्हणालात.

"लिहिलं की परीक्षा होते. ध्यानात ठेवलं की गप्पा होतात."

तेव्हापासून आपल्या कुप्या सुरू झाल्या त्या झाल्याच. तुम्ही निवृत्त होऊन मुलाकडे लोणी काळभोरला गेलात, मी वारज्यात. आपल्या मध्ये अख्खं पुणं. रोज वाढणारं पुणं. नव्या इमारती, काचेच्या कंपन्या, उड्डाणपूल. दोन बस बदलून मी कुपी पोचवायला यायचे आणि तुमची घेऊन जायचे. ओळखीच्या एका कॉलेजातल्या बाई मला त्यांचं मशीन वापरू द्यायच्या. मग मी फोन करायचे. तुम्ही कधी "हॅलो" म्हटलं नाहीत, कधी कशा आहात, नातीची सर्दी कशी आहे, काही नाही. उचलल्याबरोबर: "हं, बोला. काय निघालं?"

हे वाक्य मला हवं आहे, सरोजबाई. बाकी काही नको. तुमचे फोटो तुमच्या सूनबाईने पाठवलेत, छान आहेत. तुम्ही त्यांत फार शहाण्या दिसता. पण फोटोत ते वाक्य येत नाही.

शेवटच्या वेळी आले तेव्हा तुम्ही उशांना टेकून बसला होतात. हृदय थकलं आहे, पायांवर सूज आहे, असं तुमच्या मुलाने बाहेरच सांगितलं होतं. मी चेहरा नीट करून आत आले आणि पहिल्यांदाच विचारलं, तब्येत कशी आहे. तुम्ही म्हणालात, "तब्येतीचं डॉक्टर पाहून राहिले. तुम्ही हे घ्या." आणि उशीखालून कुपी काढलीत. म्हणालात, या वेळची सोपी आहे. मी म्हटलं, तुमच्या सोप्या मला माहीत आहेत. मग आपण त्या जुन्या दोन कुप्यांवरून पुन्हा भांडलो. तुम्हाला धाप लागली म्हणून मी माघार घेतली आणि तुम्ही चिडलात. म्हणालात, आजारी माणसाशी असं वागायचं नसतं, भांडा.

मी भांडले. जमेल तेवढी भांडले.

तुम्ही गेल्यावर, सगळे विधी झाल्यावर, मी पुन्हा कॉलेजात गेले आणि कुपी मशीनला लावली. चौथ्याचा खड्डा कुठेच नाही. तीन खनिजांनी सगळा आलेख भरून निघतो. कॉलेजातल्या बाई म्हणाल्या, क्ष-किरणांच्या मशीनवर टाकू, लगेच कळेल. मी नको म्हटलं. आपल्या खेळात फक्त परत आलेला प्रकाश, बाकी काही चालत नाही. मग मला वाटलं, चौथं काही नाहीच. मी पुन्हा फोन करावा म्हणून तुम्ही थाप मारलीत. ही कल्पना मला इतकी गोड वाटली की मी शोधायचं सोडून दिलं आणि कुपी खिडकीत ठेवली. नंतर दिवस भरत गेले. नातीची शाळा, भाजी, गोळ्या, लेकीचं हिंजवडीहून उशिरा येणं. दिवसाची बेरीज रोज शंभर येते. तुमचा वाटा इतरांत वाटला जातो, बस.

परवा खिडकी पुसताना कुपी हातात घेतली आणि हलवली. पूड हलली नाही. श्रावणाची दमट हवा, बूच मी नीट बसवलं नव्हतं, आणि आतली पूड काचेला धरून एका बाजूला गच्च गोळा झाली होती. कॅल्साइट असं करत नाही. चिनी माती आणि गेरूही एवढ्याशा दमटपणाने असं करत नाहीत. पावसाळ्यात अशी गच्च होणारी वस्तू माझ्या ओट्यावर, हाताच्या अंतरावर, बरणीत होती. तिच्यात मी तांदळाचे दाणे टाकून ठेवते, ते याच्याचसाठी.

मी बूच काढलं आणि कणभर पूड जिभेवर ठेवली. आयुष्यभर इतरांना प्रयोगशाळेत काही तोंडात घालू नका म्हणून ओरडलेली बाई मी. खारट लागलं. आधी वाटलं, माझंच काही ओघळून तिथवर आलंय. पण मी रडते तेव्हा डोळे कोरडे राहतात आणि नाक गळतं, हे तुम्ही पाहिलेलं आहे. तोंड धुतलं, पुसलं, पुन्हा चाखलं. मीठ.

मिठाला वर्णपटात खड्डाच नाही. आपल्याला दिसणाऱ्या आणि मशीनला दिसणाऱ्या रंगांतला एकही ते खात नाही, आला तसा प्रकाश सोडून देतं. आपल्या प्रयोगशाळेतल्या जुन्या अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड मशीनच्या खिडक्या मिठाच्याच असायच्या, प्रकाश अडू नये म्हणून. म्हणजे मी नोकरीची कितीतरी वर्षं मिठातून आरपार बघत होते आणि मला मीठ दिसलं नाही. बेरीज शंभर करायची माझी सवय तुम्हाला पक्की माहीत होती. न दिसणाऱ्याचा वाटा मी दिसणाऱ्या तिघांना वाटून टाकणार आणि समाधानाने फोन करणार, हे तुम्ही उशांना टेकून बसल्या बसल्या ओळखलंत.

मी लगेच लोणी काळभोरला फोन केला. सूनबाईने उचलला. मी उगाच इकडचं तिकडचं विचारलं, आणि मग तुमच्या पथ्याचं. ती म्हणाली, "आईंचं मीठ डॉक्टरांनी पूर्ण बंद केलं होतं, तरी शेवटी शेवटी मिठाची बरणी वर फळीवर ठेवावी लागली. एकदा त्या ओट्यापाशी हातात जाडं मीठ घेऊन सापडल्या. काही केल्या खरं बोलेनात. मी फार रागावले हो त्यांना, चोरून खाता म्हणून. ते मनाला लागून राहिलंय."

मी तिला सगळं सांगितलं. तुम्ही ते खाल्लं नव्हतंत, खलात घोटलं होतंत, माझी जिरवायला. ती आधी हसली आणि मग तिने ते मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. तुमचा कसला निरोप पोचवायचा राहिला असेल तर तो हा होता असं समजते.

तर बोलते. काय निघालं ते सांगते. कॅल्साइट, चिनी माती, गेरू आणि मीठ. पहिल्या तिघांची टक्केवारी मागे सांगितली ती रद्द. मीठ किती, ते जिभेला कळत नाही. पूड पाण्यात टाकली तर मीठ विरघळेल, बाकीचे तिघे खाली बसतील, वाळवून वजन केलं की एका दुपारचं काम आहे. ते मी अजून केलेलं नाही. आज करीन, उद्या करीन. तूर्त नुसता अंदाज सांगते: चौथा हिस्सा मिठाचा.

बरोबर असेल तर काही बोलू नका. चूक असेल तर गप्प बसणं तुम्हाला जन्मात जमलेलं नाही.